जबाबदार पर्यटन आणि मर्यादेचे भान : मिठबाव किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि १९९७ मध्ये शासनाने त्याला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केले. सुमारे १२१ किलोमीटर लांबीचा सागरकिनारा, खाड्या, सडे, आंबा-काजूच्या बागा, जलदुर्ग आणि देवळांभोवती बांधलेले ग्रामजीवन ही या जिल्ह्याची संपत्ती होय. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. २०२१ मध्ये चिपी येथे विमानतळ झाला. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाचे कामही हाती घेण्यात आले आहे. दळणवळणाच्या या सोयींमुळे एके काळी दुर्गम मानली गेलेली किनारपट्टी आता महानगरांच्या टप्प्यात आली आहे.

देवगड तालुक्यातील मिठबाव हे या किनाऱ्यावरील एक गाव. त्याच्या उत्तरेस कुणकेश्वर हे प्रसिद्ध शिवक्षेत्र आहे, तर दक्षिणेस आचरा आणि त्यापलीकडे मालवण-तारकर्लीचा गजबजलेला किनारा आहे. २०२० मध्ये राज्य शासनाने समुद्रकिनाऱ्यावरील कुटी अर्थात बीच शॅक धोरणासाठी आठ किनारे निवडले, त्यांत सिंधुदुर्गातील कुणकेश्वर आणि तारकर्ली या दोहोंचा समावेश होता. पर्यटनाच्या नकाशावरील या दोन ठळक बिंदूंच्या मधोमध मिठबाव येते. गजबादेवीचे स्थान, लांबवर पसरलेली पुळण आणि शेजारचे तांबळडेग यांमुळे पर्यटकांची पावले इकडे वळू लागली आहेत. मात्र तारकर्लीसारखी गर्दी येथे अद्याप झालेली नाही. गर्दी होण्यापूर्वीची ही अवस्था अभ्यासकांच्या व ग्रामस्थांच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण नियोजनाला खरा अवसर याच काळात असतो.

निसर्ग आणि सांस्कृतिक वारसा यांच्याप्रती पर्यटन जबाबदार करायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचा मिठबाव परिसराच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पर्यटकाला शिस्तीचे धडे देणे हा या प्रश्नाचा एक लहानसा भाग आहे. गावाने आपली मर्यादा स्वतः ओळखणे, ती वेळेत ठरविणे आणि ती पाळून घेण्याचा अधिकार आपल्या हाती ठेवणे हा त्याचा गाभा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

जबाबदार पर्यटन : संकल्पना

शाश्वत पर्यटन, निसर्ग पर्यटन आणि जबाबदार पर्यटन या संज्ञा व्यवहारात बहुधा समानार्थी वापरल्या जातात. त्यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. शाश्वत पर्यटन हे उद्दिष्ट आहे. आजच्या पिढीने उपभोग घेताना उद्याच्या पिढीचा वाटा राखून ठेवावा, ही शाश्वत विकासाची १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातील कल्पना त्यामागे आहे. निसर्ग पर्यटन हा पर्यटनाचा एक प्रकार आहे. जबाबदार पर्यटन ही मात्र कार्यपद्धती आहे. कोणी, काय, केव्हा आणि कोणाला उत्तरदायी राहून करायचे, हे ती ठरवू पाहते. जागतिक पर्यटन संघटनेने १९९९ मध्ये पर्यटनाची जागतिक नीतिसंहिता स्वीकारली. त्याच वर्षी इकोमॉस या स्मारकविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने सांस्कृतिक पर्यटनाची सनद संमत केली. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे जबाबदार पर्यटनाचा जाहीरनामा मांडण्यात आला. एखादे स्थळ आधी तेथील रहिवाशांसाठी अधिक चांगले व्हावे आणि मग ते पाहुण्यांसाठीही चांगले ठरावे, हा त्या जाहीरनाम्याचा मथितार्थ आहे. या क्रमाला महत्त्व आहे. भारतात केरळने २००८ च्या सुमारास कुमरकोम येथे हा विचार प्रत्यक्षात आणला. तेथील हॉटेलांना लागणारा भाजीपाला, अंडी, मासे व हस्तवस्तू स्थानिक महिलागटांकडून व शेतकऱ्यांकडून घेतल्या जाव्यात, अशी व्यवस्था बसविण्यात आली.

पर्यटनस्थळांच्या अभ्यासात १९८० मध्ये भूगोलतज्ज्ञ बटलर यांनी मांडलेले जीवनचक्राचे प्रतिमान बरेच परिचित आहे. शोध, सहभाग, विकास, दृढीकरण आणि कुंठितावस्था अशा पायऱ्यांनी स्थळ पुढे सरकते व त्यानंतर एक तर त्याचा ऱ्हास होतो किंवा पुनरुज्जीवन होते, असे ते सांगते. आरंभीच्या पायऱ्यांवर सोयीसुविधा स्थानिक लोक पुरवितात आणि निर्णयही तेच घेतात. विकासाच्या पायरीवर बाहेरचे भांडवल येते, जमिनीचे व्यवहार वाढतात आणि निर्णयाची सूत्रे हळूहळू गावाबाहेर जातात. या प्रतिमानानुसार पाहता तारकर्ली विकासाच्या पायरीवर केव्हाच पोहोचली आहे. मिठबाव अद्याप सहभागाच्या पायरीवर आहे. म्हणजेच येथे निर्णय घेण्याची शक्यता अजून गावापाशी शिल्लक आहे.

पुळण, मर्यादवेल आणि कासव

पर्यटक ज्याला बीच म्हणतो त्याला कोकणात पुळण म्हणतात. पुळण ही रिकामी जागा नव्हे. भरतीरेषेच्या वर वाऱ्याने साठविलेल्या वाळूच्या टेकड्या असतात आणि त्यांना धरून ठेवण्याचे काम जमिनीलगत पसरणारी मर्यादवेल व तिच्या सोबतचे गवत करते. या वेलीचे नावच बोलके आहे. समुद्राची हद्द येथवर, असे ती जणू सांगते. टेकड्या शाबूत असल्या तर वादळी लाटांचा जोर त्यांच्यावर ओसरतो आणि पुळणीची झीज पुन्हा भरून निघते. दृश्य मोकळे व्हावे म्हणून वेल उपटली, वाहनतळासाठी टेकडी सपाट केली किंवा वाळूवर गाड्या फिरविल्या, की ही व्यवस्था मोडते. मग दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते आणि बंधारा आला की पर्यटक ज्यासाठी आला ती पुळणच आक्रसू लागते. मालवण तालुक्यातील देवबाग या समुद्र आणि कर्ली नदी यांमधील चिंचोळ्या भूभागावर धुपेचे संकट किती तीव्र असू शकते, हे सर्वज्ञात आहे.

मिठबावलगतचे तांबळडेग हे सागरी कासवांच्या अंडी घालण्याच्या ठिकाणांपैकी एक आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीची कासवे येतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री पुळणीवर येते, भरतीरेषेच्या वर खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. अंधारात समुद्राच्या बाजूचे क्षितिज अधिक उजळ असते. त्या उजेडाच्या रोखाने ती चालतात. किनाऱ्यावर हॉटेलांचे प्रखर दिवे असतील तर हीच सहजप्रेरणा त्यांना उलट दिशेला, मृत्यूकडे नेते. वाळूच्या तापमानावर पिल्लांचे लिंग ठरते, हेही ध्यानात ठेवावे लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश असून त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. तथापि कायदा घरट्यावर रात्रभर पहारा करू शकत नाही. तो गावालाच करावा लागतो.

या संदर्भात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावाचा अनुभव मार्गदर्शक आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तेथे कासव संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ पासून ग्रामस्थांच्या सहभागाने कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्रात सोडताना पाहण्यासाठी येणारे पर्यटक गावातील घरांतच उतरतात व तेथेच जेवतात. पूर्वी अंडी काढून खाल्ली जात. आता त्याच अंड्यांच्या राखणीवर घरोघर चार पैसे येतात. या बदलामागचे गमक असे, की पाहुण्याचे वेळापत्रक येथे कासव ठरविते. पिल्ले त्या दिवशी निघाली नाहीत तर ती दिसत नाहीत, आणि पर्यटकाला ते मान्य करावे लागते. तांबळडेग-मिठबावला हा धडा जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण वेळासला महोत्सवाचा हंगाम हेच मुख्य आकर्षण आहे, तर येथे डिसेंबर व मे महिन्यांतील सुट्टीची सर्वसाधारण गर्दी अपेक्षित आहे. घरट्यांचा हंगाम व पर्यटनाचा हंगाम एकमेकांवर येतात. त्यामुळे कोणत्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर प्रवेश व दिवे नसावेत, हे आधी ठरविणे येथे अधिक निकडीचे आहे.

पुळणीचा आणखी एक जुना वापरकर्ता म्हणजे रापणकर. किनाऱ्यावरून ओढावयाचे लांब जाळे, ते ओढणारे अनेक हात आणि मिळालेल्या मासळीची ठरलेली वाटणी ही रापणीची सामूहिक पद्धत मालवण किनाऱ्याच्या समाजजीवनाचा कणा राहिली आहे. जाळे ओढण्यासाठी मोकळी पुळण आणि मोकळे उथळ पाणी लागते. त्याच पट्ट्यात जलक्रीडेच्या बोटी धावू लागल्या किंवा तंबू उभे राहिले, की संघर्ष अटळ ठरतो. रापण हा पर्यटकांच्या छायाचित्राचा विषय आहे. परंतु ती आधी कोणाची तरी भाकरी आहे.

पाण्याचे गणित : खरी धारणक्षमता कोणती?

पर्यटन नियोजनात धारणक्षमता ही कळीची संकल्पना मानली जाते. एखादे स्थळ आपले गुण न गमावता एका वेळी किती माणसे सामावून घेऊ शकते, याचा तो अंदाज असतो. बहुधा हा अंदाज जागेच्या क्षेत्रफळावरून काढला जातो. उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. पुळण २ किलोमीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे असे समजले, तर तिचे क्षेत्रफळ ६०,००० चौरस मीटर होते. दर माणशी १० चौरस मीटर जागा धरली तर एका वेळी ६,००० माणसे तेथे मावतील. हा आकडा पाहून कोणालाही वाटेल की गावाला अजून पुष्कळ वाव आहे.

आता पाण्याकडे वळू. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनचे प्रमाण दर माणशी दररोज ५५ लिटर आहे. हॉटेलांसाठी भारतीय मानक दर खाटेमागे १८० लिटर धरते. म्हणजे निवासी पाहुणा तीन ग्रामस्थांहून अधिक पाणी वापरतो. गावाची स्वतःची गरज भागवून मे महिन्यात विहिरींतून दररोज ५४,००० लिटर पाणी उरते, असे पुन्हा कल्पनेने धरू. त्यावर केवळ ३०० निवासी पाहुण्यांची सोय होईल. पुळणीने ६,००० म्हटले, विहिरीने ३०० म्हटले. स्थळाची धारणक्षमता ही सर्वांत तोकड्या साधनावरून ठरते. म्हणून ३०० हाच आकडा खरा. प्रत्यक्ष आकडे मोजणीनेच कळतील, परंतु विचाराची रीत हीच असली पाहिजे.

कोकणात पाऊस विपुल पडतो, मात्र तो चार महिन्यांत पडतो आणि जांभ्या खडकातून झिरपून व उतारावरून वाहून झपाट्याने समुद्राला मिळतो. विहिरी तळाला जातात त्या एप्रिल-मे महिन्यांत आणि शहरांतील शाळांना सुट्टी लागते तीही त्याच वेळी. मागणीचा कळस आणि पुरवठ्याचा तळ यांची गाठ पडते. किनाऱ्यालगत आणखी एक धोका असतो. सच्छिद्र थरांत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. घायबेन-हर्झबर्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सैद्धांतिक नियमानुसार समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल तर तिच्या खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर टिकतो. उलट बाजूने पाहिले, तर वरची पातळी १ मीटरने उतरल्यास खारे पाणी सुमारे ४० मीटरने वर सरकण्याची शक्यता निर्माण होते. पंपाने भरमसाट उपसा केला तर विहीर आटण्याआधीच मचूळ होऊ शकते आणि एकदा मचूळ झालेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही. मालवणी बोलीत विहिरीला बाव म्हणतात. मिठबाव या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, मीठ आणि बाव हे दोन शब्द शेजारी ठेवणाऱ्या गावाने हा धोका विसरता कामा नये.

उपशाबरोबर सांडपाण्याचाही विचार हवा. जांभ्याच्या व वाळूच्या जमिनीत शौचालयाच्या टाकीतील पाणी लवकर झिरपते. निवासव्यवस्था वाढताना विहीर आणि शोषखड्डा यांतील अंतर राखले गेले नाही, तर पाहुण्याला दिलेल्या सोयीची किंमत शेजारच्या घराला मोजावी लागते.

सांस्कृतिक वारसा : पाहण्याचे आणि न पाहण्याचे

सिंधुदुर्गाचा सांस्कृतिक वारसा म्हटले की प्रथम किल्ले आठवतात आणि ते योग्यच आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत देवगड तालुक्यातील विजयदुर्ग आणि १६६४ मध्ये बांधकामास आरंभ झालेला मालवणचा सिंधुदुर्ग या दोहोंचा समावेश आहे. त्याआधी २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत दाखल झाली. मालवण तालुक्यातील कुडोपीचा त्यांत अंतर्भाव आहे. या दोन घटनांमुळे मिठबावच्या दोन्ही बाजूंना जागतिक कीर्तीची स्थळे उभी राहिली आहेत व त्यांच्यामधील रस्त्यावरील वर्दळ वाढेल, असे मानण्यास जागा आहे. कातळशिल्पे तर विशेष नाजूक आहेत. उघड्या सड्यावर कोरलेल्या आकृतींवरून पर्यटक चालत गेले, रेषा उठून दिसाव्यात म्हणून कोणी त्यांत चुना भरला किंवा शेजारी चिऱ्याची खाण निघाली, तर हजारो वर्षे टिकलेला ठेवा अल्पावधीत पुसला जाईल.

दगडात नसलेला, परंतु तितकाच जुना वारसा गावरहाटीचा आहे. ग्रामदेवता, तिचे मानकरी, कौल, जत्रा, डाळपस्वारी यांतून दक्षिण कोकणातील गावाचा कारभार शतकानुशतके चालत आला. मिठबावचे श्री देव रामेश्वर आणि कातळावर समुद्राला सामोरी असलेली गजबादेवी ही अशीच जिवंत श्रद्धास्थाने आहेत. पर्यटकाच्या दृष्टीने गजबादेवीचे स्थान हा सूर्यास्त पाहण्याचा कट्टा असू शकेल, पण ग्रामस्थाच्या दृष्टीने ते देवीचे घर आहे. पादत्राणे, मद्यपान, मोठ्या आवाजातील संगीत, विवाहपूर्व चित्रीकरण, उडते कॅमेरे यांविषयीचे नियम देवस्थानाने व गावाने ठरवायचे असतात, आणि ते फलकावर स्पष्ट शब्दांत, कारणासह लिहिलेले असतील तर बहुतेक पाहुणे ते आदराने पाळतात.

सांस्कृतिक पर्यटनाच्या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण मिठबावपासून जवळच असलेल्या आचऱ्याच्या गावपळणीत सापडते. ठरावीक वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन संपूर्ण गाव, गुराढोरांसह व कोंबड्याकुत्र्यांसह, तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहते. घरे बंद, रस्ते ओस, गावात माणूस नाही. लोक राहुट्या उभारतात, एकत्र स्वयंपाक करतात, रात्री भजने-फुगड्या रंगतात आणि पुन्हा कौल मिळाल्यावर गाव भरते. या प्रथेविषयी बाहेरच्या जगात मोठे कुतूहल आहे. परंतु रिकामे गाव पाहण्यासाठी कोणी आत शिरले, तर पाहण्याजोगे जे होते तेच नष्ट होते. काही वारसा पाहण्याने वाढतो आणि काही न पाहण्यानेच टिकतो, हे या प्रथेतून शिकता येते. तीन दिवस जमिनीला, विहिरींना, वाटांना माणसापासून विसावा देणारा हा संकेत पर्यटनाच्या नियोजनालाही दिशा देऊ शकतो. विश्रांतीचा काळ ही येथील लोकांना नवी कल्पना नाही. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवणारा मच्छीमार समाज ती पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला आहे.

दशावताराची गोष्ट थोडी वेगळी आहे. कार्तिक महिन्यानंतर जत्रांच्या निमित्ताने देवळाच्या आवारात रात्रभर चालणारे हे नाट्य आहे. पर्यटकांसाठी त्याचा अर्ध्या तासाचा नमुना हॉटेलच्या अंगणात सादर झाला, तर कलावंताला दोन पैसे मिळतात, हे नाकारता येणार नाही. मात्र संक्षिप्त नमुना हाच खरा दशावतार, असा समज रूढ झाला तर लिखित संहितेशिवाय केवळ परंपरेने चालणारी संवादांची उत्स्फूर्तता आटत जाईल. याला दुसरा मार्ग आहे. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आपल्याच वस्तीत जपली. त्यासाठी कलाआंगण उभारणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला. तेथे पाहुणा कलेच्या घरी जातो. कला पाहुण्याच्या दारी जात नाही. मिठबावच्या जत्रेलाही पाहुण्यांनी जत्रेच्या दिवशी, जत्रेच्या वेळेला, प्रेक्षक म्हणून यावे, हे अधिक श्रेयस्कर ठरेल.

शेजारच्या अनुभवांचे धडे

निसर्गरक्षणाचा निर्णय वरून आला म्हणजे काय होते, हे मालवणने अनुभवले आहे. १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्रावर मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळ, शैवाल व विविध मत्स्यजातींमुळे हे क्षेत्र खरोखरच संरक्षणास पात्र होते. परंतु ज्यांची उपजीविका त्या पाण्यावर होती त्या मच्छीमारांना विश्वासात घेतले गेले नाही, अशी भावना तेथे प्रारंभापासून राहिली आणि विरोध दीर्घकाळ चालू राहिला. संमतीवाचून आलेले संरक्षण बव्हंशी कागदावर राहते.

नियंत्रणावाचून आलेल्या पर्यटनाचे मोलही कमी नाही. मे २०२२ मध्ये तारकर्ली येथे पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला आणि जलक्रीडांतील सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. ऐन हंगामात बोटी, पर्यटक आणि फेऱ्या यांची संख्या वाढत जाते, तेव्हा सुरक्षेचा प्रश्नही धारणक्षमतेचाच प्रश्न असतो. प्रवाळांवर टाकले जाणारे नांगर, पर्यटकांना मासे जवळून दिसावेत म्हणून त्यांना दिले जाणारे खाद्य, उथळ पाण्यात प्रवाळावर पाय ठेवून उभे राहणे हे त्याच प्रश्नाचे पाण्याखालील रूप होय.

याउलट वेंगुर्ले येथील मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने चालविलेली कांदळवन सफर हा उमेद देणारा प्रयोग आहे. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने राबविलेल्या जैवविविधता प्रकल्पातून त्याला चालना मिळाली. स्त्रियाच होडी वल्हवितात, तिवरांच्या जाती व पक्षी दाखवितात आणि उत्पन्न गटातच राहते. होडी वल्ह्यावर चालते, त्यामुळे आवाज नाही आणि पाण्यावर तेलाचा तवंगही नाही. खाडी शाबूत राहिली तरच रोजगार राहील, हे नाते येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

गावाच्या हाती असलेली साधने

मर्यादा ठरविण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला विचारविनिमयाचे व ग्रामपंचायतीला कर बसविण्याचे अधिकार दिले आहेत. जैवविविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. कासवांची ठिकाणे, मर्यादवेलीचे पट्टे, तिवरांच्या जाती, विहिरी व रापणीच्या जागा यांची नोंद त्यात झाली, तर पुढे कोणत्याही प्रकल्पासमोर ती गावाची लेखी साक्ष ठरेल. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने किनाऱ्यावरील स्थानिकांना आपल्या राहत्या घरात, जोत्याचे क्षेत्र किंवा दर्शनी रूप न बदलता, पाहुण्यांची सोय करण्यास वाव ठेवला आहे. निवास व न्याहारी योजनाही याच धर्तीची आहे. कौलारू घर, अंगणातील मांडव, घावणे, कुळथाची पिठी आणि सोलकढी ही या व्यवस्थेची खरी भांडवली गुंतवणूक आहे, आणि ती गावापाशी आधीपासून आहे.

या साधनांच्या आधारे पुढील गोष्टी टप्प्याटप्प्याने करता येतील :

१. एप्रिल व मे महिन्यांत निवडक विहिरींच्या पाण्याची पातळी व क्षारता दर आठवड्यास मोजावी आणि त्यावरून निवासी पाहुण्यांची कमाल संख्या ग्रामसभेत ठरवावी.

२. पुळणीचे तीन भाग करावेत : कासवांसाठी राखीव व रात्री अंधारा ठेवावयाचा पट्टा, रापणीसाठी मोकळा पट्टा आणि पर्यटकांसाठीचा पट्टा. वाहने तिन्ही पट्ट्यांत वर्ज्य असावीत.

३. वाहनतळ पुळणीपासून दूर, गावात असावा. पर्यटक पायी चालत गेला तर वाटेवरील दुकाने व घरे यांनाही उत्पन्नाचा वाटा मिळतो.

४. पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा हिशेब दर वर्षी ग्रामसभेपुढे मांडावा व तो निधी कचरा, शौचालये आणि घरट्यांचा पहारा यांसाठीच वापरावा.

५. देवस्थाने, जत्रा व प्रथा यांपैकी पाहुण्यांना काय खुले आहे आणि काय नाही, हे मानकरी व ग्रामस्थांनी मिळून ठरवावे.

या उपायांना विरोध होणारच नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चाकरमान्यांच्या पैशावर व आंब्याच्या अनिश्चित पिकावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला पर्यटनाचा पैसा आज हवा आहे. त्याला मर्यादेची भाषा ही अडवणूक वाटू शकते. घर भाड्याने देणारा आणि ज्याच्यापाशी द्यायला खोलीच नाही असा मजूर, यांचे हितसंबंध एक नाहीत. म्हणूनच मर्यादेबरोबर वाटणीचाही विचार झाला पाहिजे. रापणीत जाळे ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा वाटा ठरलेला असतो. पर्यटनाच्या उत्पन्नातही पहारा करणारा, कचरा उचलणारा आणि होडी वल्हविणारा यांचा वाटा आधी ठरला, तर मर्यादा पाळण्यात सर्वांचे हित गुंतेल.

महाविद्यालयांची भूमिका

या प्रक्रियेत परिसरातील महाविद्यालयांना महत्त्वाचे स्थान आहे. पदवी स्तरावर अनिवार्य असलेल्या पर्यावरणशास्त्र विषयात क्षेत्रप्रकल्प असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही क्षेत्रकार्यावर भर दिला आहे. हे प्रकल्प पुष्कळदा ग्रंथालयातच पूर्ण होतात. भूगोल विभागाने पुळणीच्या छेदांची वार्षिक मोजणी, रसायनशास्त्र विभागाने विहिरींच्या क्षारतेची तपासणी, प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांनी लोकजैवविविधता नोंदवहीस साहाय्य, मराठी विभागाने दशावतार व गावरहाटीतील शब्दसंपदेचे संकलन, तर वाणिज्य विभागाने पर्यटन उत्पन्नाच्या वाटणीचा अभ्यास हाती घेतला, तर पाच वर्षांत गावापाशी स्वतःची आकडेवारी तयार होईल. धारणक्षमतेची चर्चा आज अंदाजावर चालते. विश्वासार्ह मोजणी नसल्यामुळे ग्रामसभेतील वाद ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने झुकतो. ती मोजणी पुरविणे हे बहुविद्याशाखीय काम आहे आणि ते महाविद्यालयाइतके दुसरे कोणी सातत्याने करू शकणार नाही. एक अट मात्र पाळली पाहिजे : संकलित माहिती अहवालाच्या कपाटात न राहता मराठीतून, सोप्या तक्त्यांत, ग्रामसभेपुढे गेली पाहिजे.

समारोप

जबाबदार पर्यटनाची चर्चा बहुधा पर्यटकाच्या वर्तनापाशी थांबते. प्लास्टिक टाकू नये, शांतता राखावी, स्थानिक संस्कृतीचा मान ठेवावा हे सर्व खरे आहे. परंतु तीनशे पाहुण्यांचे पाणी असलेल्या गावात तीन हजार शिस्तबद्ध पाहुणे आले तरी विहीर मचूळच होणार. त्यामुळे जबाबदारीचा पहिला प्रश्न संख्येचा, दुसरा वाटणीचा आणि तिसरा वर्तनाचा आहे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याची परंपरा मिठबावच्या परिसरात आधीपासून नांदते आहे. रापणीत वाटणी आहे, पावसाळ्यात होड्यांना विश्रांती आहे, गावपळणीत गावालाच विसावा आहे आणि देवळाच्या पायरीवर वर्तनाचा नियम आहे. आधुनिक पर्यटनशास्त्र ज्याला धारणक्षमता म्हणते, त्याचे संस्कार या लोकजीवनात आहेत. त्यांना मोजणीची आणि कायद्याची जोड देणे एवढेच काम उरते. सागरी महामार्ग पूर्ण होऊन गर्दीचा ओघ सुरू होण्याच्या आत ते झाले पाहिजे. जमिनीचे व्यवहार होऊन गेल्यावर, टेकड्या सपाट झाल्यावर आणि विहिरी मचूळ झाल्यावर ठरविलेली मर्यादा ही केवळ गमावलेल्या गोष्टींची यादी असेल.